दोन मीटर आणि गोदाबाईंचं गरम पाणी

विजेच्या मीटरवर एक लाल दिवा असतो. ज्वारीच्या दाण्याएवढा. तुम्ही आत येताना भिंतीपाशी चपला काढल्यात ना, बरोबर त्याच्यावर या देवळाचा मीटर आहे. कीर्तनाला उभी राहण्याआधी मी थोडा वेळ त्याच्याकडे बघत होते. सभामंडपात नुसते दिवे लागले होते, तेव्हा तो सावकाश लुकलुकत होता. एकदा लुकलुकायचा, थांबायचा, विचार केल्यासारखा पुन्हा लुकलुकायचा. मग पेटीवाल्या अण्णांनी माझ्यासाठी हा मोठा पंखा लावला. दिव्याचा वेग वाढला. मागच्या खोलीत कुणीतरी चहासाठी विजेची शेगडी सुरू केली — आणि तो धापाच टाकायला लागला!

त्या दिव्याला खोटं बोलता येत नाही. भिंतीआड जेवढं जळतं, तेवढाच तो लुकलुकतो.

मंडळी, घरात काय जळतं ते मोजणारं यंत्र माणसानं केलं. मनात जळतं त्याचं काय? शेजारणीनं नवी पैठणी नेसली — इथं काहीतरी जळतं की नाही? जावेच्या मुलीचं लग्न ठरलं, आपण तोंडभरून हसतो, "बरं झालं गं!" — आणि आत? हसू नका ताई, मी तुमच्याकडे बघून बोलत नाहीये. तुमच्या शेजारच्या बाईंकडे बघून बोलतेय!

तर आजचा प्रश्न एवढाच. दुसऱ्याचं चांगलं बघून माझ्या मनात जे जळतं, त्याचं बिल कोण भरतं? ज्याच्यावर मी जळते तो? मी स्वतः? की ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, असं मधलं तिसरंच कुणी?

देवाचं नाव घ्या, आणि ऐका.

बोरजाई नावाचं एक गाव. गावात दोन भाऊ — थोरला दत्तोबा, धाकटा पोपट. भाऊ तसे शांत. दोघांच्या बायका — थोरली कुंदा, धाकटी वैजयंता. सगळे तिला वैजू म्हणायचे. आणि या चौघांच्या वर एक आई, गोदाबाई. सुना तिला आत्या म्हणायच्या.

दोघा भावांची वाटणी झाली. सिमेंटचं एकच घर, मधोमध भिंत घातली. पुढची ओटी तेवढी सामाईक राहिली. आता वाटणीच्या वेळी पंच किती हुशार असतात ते तुम्हाला माहीतच आहे. भांडी वाटली, पोती वाटली, शेवटी पाटा-वरवंटा राहिला. त्यावरून दोघी जावा हमरीतुमरीवर आल्या. पंचांनी न्याय केला — पाटा थोरलीला, वरवंटा धाकटीला! झालं! एकीकडे नुसता पाटा, दुसरीकडे नुसता वरवंटा. चटणी वाटायची कशी? दोघींनी मिक्सर आणले. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, आणि मिक्सर बोलायला लागले.

त्या भागात एक पद्धत आहे. वाटणीत उजवी बाजू थोरल्याची. घराची उजवी बाजू कशी ठरवायची? उंबऱ्यात उभं राहायचं, घराकडे पाठ, अंगणातल्या तुळशीकडे तोंड. आपला उजवा हात तोच घराचा उजवा हात. दत्तोबा तसाच उभा राहिला आणि उजवी बाजू घेतली. मग दोन वेगळे मीटर बसले. ओटीच्या भिंतीवर, शेजारी शेजारी, ज्याचा त्याच्या बाजूला. हिराप्पा म्हणून एक वायरमन होता, त्यानं दत्तोबाला विचारलं, "नावं कशी घालू?" दत्तोबा म्हणाला, "उजवा थोरल्याचा." हिराप्पानं ब्रश घेतला, एका मीटरखाली 'दत्तोबा' लिहिलं, दुसऱ्याखाली 'पोपट'. कागदही तसेच रंगले.

एवढं लक्षात ठेवा. मी पुन्हा येणार आहे तिथं.

सगळं वाटलं गेलं. पंचांनी शेवटचं विचारलं, "गोदाबाई, तुम्ही कुणाकडं?"

म्हातारी दोघी सुनांकडे बघत राहिली. म्हणाली, "सांगते."

"कधी सांगता?"

"सांगते म्हटलं ना."

आणि तिनं आपली खाट ओटीवर टाकली. मधोमध. बरोबर त्या दोन मीटरांच्या खाली. सकाळची भाकरी कुंदाकडची, संध्याकाळची वैजूकडची. दर दिवाळीला कुंदा विचारायची, "आत्या, ठरलं का?" आणि दर दिवाळीला उत्तर यायचं, "सांगते गं."

आता कुंदाचं मन समजून घ्या, नाहीतर तुम्ही तिला नुसती वाईट बाई समजाल. कुंदाला आई नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती. गोदाबाईनं शिकवली. पहिल्या बाळंतपणात गोदाबाईच उशाशी बसली होती. कुंदाच्या मनात एकच होतं — ही बाई माझी आहे. वैजू मागून आली! तिला काय हक्क?

एवढी एक गोष्ट तिला हवी होती. आत्यानं चारचौघांत म्हणावं, "मी कुंदाकडं राहणार."

आणि मंडळी, माणूस ज्यासाठी एवढा आसुसतो ना, त्याच जागी ठिणगी पडते.

बिलं यायची. वाटणारा माणूस दोन्ही बिलं ओटीवर टाकून जायचा. कुंदा दोन्ही उचलायची. मला सांगा, ती आधी कुणाचं वाचायची?

बरोबर! वैजूचं!

आणि दर वेळी वैजूचं बिल कमी. कुंदाचं जास्त. पहिल्यांदा तिला वाटलं, काहीतरी चुकलं असेल. दुसऱ्यांदा तिनं कपाळाला आठी घातली. मग मात्र ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, तिच्याकडं टीव्ही मोठा. तिच्याकडं दोन पंखे. गिझर आहे. आणि बिल आपल्याला जास्त? कसं?"

दत्तोबा म्हणाला, "विचार की तिला."

"मी? तिला? विचारू?"

साधा प्रश्न होता — 'वैजू, तुझं बिल कमी कसं गं येतं?' चहा पितापिता विचारता आला असता. पण जळणारं माणूस सगळं करतं, विचारत मात्र नाही. विचारलं की ती आपल्यापेक्षा शहाणी ठरते ना!

कुंदानं ठरवलं, आता हिच्यापेक्षा कमी बिल आणून दाखवते.

आणि एक सांगते, तिनं जे केलं ते बरंचसं शहाणपणाचं होतं. घरी करण्यासारखं आहे, ऐकून ठेवा. जुने पिवळे बल्ब काढून एलईडी लावले. फ्रिज भिंतीला चिकटून होता, त्याला मागून वारा मिळेना. तो हातभर पुढे ओढला. दाराचं रबर ढिलं होतं, बदलून घेतलं. इस्त्री रोज तापवायची, ती एकाच दिवशी सगळे कपडे काढून एकदाच तापवायला लागली. टीव्ही रिमोटनं बंद न करता भिंतीवरच्या बटणानं बंद करायची. उत्तम!

पण मत्सराला थांबायचं कुठे ते कळत नाही. पुढचं बिल आलं. कुंदाचं बिल — तसंच! आणि वैजूचं?

आणखी उतरलं!

आता कुंदाची झोप गेली. दुपारी ती फ्रिजच बंद ठेवायला लागली. दूध नासलं. नवरा जेवायला बसला की पंखा बंद. तो घाम पुसत म्हणाला, "अगं, मी भाजून निघालो." ही म्हणाली, "ती तिकडं बघा कशी गारेगार बसलीय, आणि बिल कमी!" आपल्या नवऱ्याला वारा नाही त्याचं काही नाही, वैजूला मिळतोय याचा राग मात्र आहे. बघा कशी गंमत असते!

पुन्हा बिलं आली. वैजूचं आणखी कमी. आणि वैजू काय म्हणत होती? ती पाणवठ्यावर सगळ्यांना सांगत होती, "सोमवार फळले हो मला! महादेवाची कृपा. बिल आपोआप उतरतंय." आणि त्या आनंदात तिनं कपडे धुण्याचं मशीन आणलं.

मशीन घरात गेलेलं कुंदानं खिडकीतून पाहिलं. मनाशी म्हणाली, आता कळेल हिला. आता येऊ दे बिल!

बिल आलं. मशीन वैजूकडे — आणि बिल वाढलं कुंदाचं!

कुंदाला कुणीतरी सांगितलं होतं की मीटर हळू चालावा म्हणून लोक त्याला चुंबक लावतात. वैजूनंही तेच केलं असणार! घरातले सगळे कामाला पांगल्यावर ती ओटीवर गेली, टाचा उंचावून वैजूच्या मीटरमागे हात घातला. खालून खाटेवरून आवाज आला, "काय शोधतीस गं?"

"काही नाही आत्या. पाल दिसली."

मीटरमागून खरोखरच पाल निघाली आणि कुंदाच्या मनगटावरून सरसर गेली! चुंबक काही सापडलं नाही. किंचाळी मात्र गावानं ऐकली.

राहता राहिला गिझर. मंडळी, गिझर म्हणजे घरातला सगळ्यात मोठा खादाड. तो लावला म्हणजे घरात एलईडीचे दोनशे दिवे एकदम लावल्यासारखं आहे. कुंदानं तो बंदच केला. नुसता बंद नाही, बटणावर चिकटपट्टी लावली. ती गार पाण्यानं अंघोळ करायला लागली. दत्तोबा "हर हर" म्हणत गार पाणी घ्यायला लागला. एवढं देवाचं नाव त्यानं आयुष्यात घेतलं नव्हतं.

आणि गोदाबाई? तिची सकाळची अंघोळही कुंदाकडेच असायची. वय झालेलं. गुडघे धरलेले. मार्गशीर्षातली थंडी.

पहिल्या दिवशी तिनं गार पाण्यात हात घातला आणि काढून घेतला. म्हणाली, "कुंदे, जरा कोमट दिलं असतंस."

कुंदाच्या जिवाला लागलं. खरंच लागलं. पण तिला त्याच क्षणी समोर वैजूचं बिल दिसलं. ती म्हणाली, "आत्या, थोडे दिवस चालवून घ्या."

दुसऱ्या दिवशी गोदाबाई धोतराचा पंचा खांद्यावर टाकून भिंतीपलीकडे गेली. वैजूचा आवाज कुंदाला ऐकू आला, "या आत्या, गरम पाणी काढलंय. पाठ चोळून देऊ का?"

पाठ चोळून देऊ का!

त्या दिवसापासून गोदाबाईचं लुगडं वैजूच्या दोरीवर वाळायला लागलं. कुंदा भाकरी करताना खिडकीतून बघायची. हिरवं लुगडं, वाऱ्यावर हलायचं. तिला वाटायचं, ते लुगडं नाही, आत्याचं उत्तर आहे. आत्यानं तोंडानं सांगितलं नाही, दोरीवर टाकून सांगितलं. भाकरी करपायची. स्वतः गिझर बंद केला हे तिला आठवायचंच नाही. आठवायचं एकच — वैजूनं माझी आत्या पळवली.

लक्षात आलं का, मंडळी? बिलाशी सुरू झालेली गोष्ट कुठं येऊन पोचली?

एक दिवस तिन्हीसांजेची वेळ. पाणवठ्यावर कुंदाच्या कानांवर आलं, वैजू कुणाला तरी सांगत होती, "आत्या आता आमच्याकडंच राहतील बहुतेक."

कुंदा घरी आली. घागर खाली ठेवली. डोळ्यांत पाणी. तिनं काय करावं? तिनं घरातला मुख्य खटकाच खाली ओढला! फ्रिज बंद, दिवे बंद, सगळं बंद. म्हणाली, "नकोच मला वीज. आज तरी माझा मीटर मरू दे!" आणि मेलेला दिवा बघायला ती ओटीवर आली.

'दत्तोबा' लिहिलेल्या मीटरवर लाल दिवा धापा टाकत होता!

घरात काळोख. एक पंखा नाही, एक बल्ब नाही. आणि दिवा थांबायला तयार नाही!

"चोर!" कुंदा ओरडली. "चोर! माझी वीज चोरतात! या सगळे, बघा या!"

खाटेवर गोदाबाई उठून बसली. दत्तोबा धावत आला. पोपट आला. आजूबाजूची माणसं जमली. वैजू ओल्या हातांनी बाहेर आली. आणि वाटणीनंतर कुंदा पहिल्यांदा तिच्याशी बोलली. काय बोलली?

"घरी काय लावलंयस आत्ता? बोल!"

"गिझर लावलाय," वैजू घाबरून म्हणाली. "आत्यांचे गुडघे शेकायला पाणी तापवतेय."

"बंद कर! खटका खाली कर! सगळ्यांना दिसू दे!"

वैजूनं आत जाऊन आपला खटका ओढला. तिचं घर काळोखात गेलं. आणि इकडे ओटीवर, 'दत्तोबा' लिहिलेल्या मीटरवरचा दिवा एकदम थांबला.

गर्दीतून आवाज आला, "अरे देवा!"

कुंदानं मान ताठ केली. एवढ्या दिवसांनी जिंकली होती ती! "बघितलंत? माझ्या मीटरवर चालवत होती सगळं. सोमवार फळले म्हणे!"

पोपट डोकं खाजवायला लागला.

दत्तोबा मात्र हळू आवाजात म्हणाला, "कुंदे, त्यांचं आपल्या मीटरवर चालतं. मग आपलं कशावर चालतं?"

हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता. दत्तोबा आत गेला आणि त्यानं आपला खटका वर केला. फ्रिज गुरगुरला. स्वयंपाकघरातला दिवा लागला.

आणि 'पोपट' लिहिलेल्या मीटरवरचा दिवा लुकलुकायला लागला. सावकाश. एकदा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला.

आता मंडळी, सगळ्यांनी माझ्याकडे बघा. हा माझा उजवा हात. मी वर करते. तुमच्या कुठल्या बाजूला आला? डाव्या! बरोबर. कारण मी तुमच्याकडे तोंड करून उभी आहे आणि तुम्ही माझ्याकडे. दत्तोबा घराकडे पाठ करून उभा राहिला आणि त्यानं घराचा उजवा हात घेतला. हिराप्पा मीटरची नावं लिहायला उभा राहिला तो भिंतीकडे तोंड करून! त्यानं आपला उजवा हात बघितला आणि थोरल्याचं नाव घातलं. उजवा दोघांचाही खरा. माणसं समोरासमोर उभी होती, एवढंच.

म्हणजे इतकी वर्षं कुंदा वैजूचं बिल भरत होती आणि वैजू कुंदाचं. कुंदानं बल्ब बदलले, वैजूचं बिल उतरलं. कुंदानं फ्रिज सरकवला, महादेव वैजूला पावला! वैजूनं मशीन घेतलं, धुलाई कुंदाची झाली!

मंडळी, हे हिराप्पाच्या हातून एकदा झालं. आपल्या हातून रोज होतं. दुसऱ्याच्या घराकडे तोंड करून उभं राहिलं की आपलं-परकं उलटंपालटं दिसायला लागतं. आपलं सुख परक्याच्या नावावर लिहिलं जातं आणि आपल्या मनातली जळजळ त्याची चोरी वाटायला लागते. ज्याला आपला मीटर बघायचा आहे, त्यानं आधी आपल्या घरातला खटका खाली करायचा असतो. घरी जाऊन विजेचं करून बघा. सगळं बंद करा, बाहेर या, दिवा थांबला का ते बघा. थांबला नाही तर वायरमनला बोलवा. आणि मनाचंही करून बघा. आपलं सगळं शांत केलं, तरीही आत कुणाच्या तरी नावानं काहीतरी लुकलुकतंय का? तिथं वायरमन येत नाही. तिथं आपणच उठून शेजारच्या दारात जायचं आणि विचारायचं, 'बाई गं, तुझं कसं चाललंय?'

आता ओटीवर परत या.

पोपट म्हणाला, "दादा, जो काही फरक असेल तो आम्ही देऊ."

वैजू रडायच्या बेतात. "ताई, आईशप्पथ, मला खरंच ठाऊक नव्हतं."

कुंदा ऐकत नव्हती. तिचं मन मोजत चाललं होतं. तो मोठा टीव्ही माझ्या मीटरवर. ते दोन पंखे माझ्या मीटरवर. ते मशीन माझ्या मीटरवर. आणि गिझर —

गिझरपाशी ती थांबली.

"वैजू," ती म्हणाली. "आत्यांच्या अंघोळीचं पाणी..."

"ते तुमच्याच मीटरवर तापत होतं, ताई."

बघा, मंडळी! जे गरम पाणी तिनं आपल्या घरात आत्याला दिलं नाही, त्याचेच पैसे ती थंडीभर भिंतीपलीकडे भरत होती. दात-ओठ खात भरत होती. देवानं तिच्याकडून सेवा करून घेतली, फक्त पुण्याच्या जागी तिच्या पदरात जळजळ पडली. आणि सुरुवातीला मी विचारलं होतं, बिल कोण भरतं? पैशांचं कुंदानं भरलं. पण गार पाण्यात हात घालून तो मागे घेतला, ते बिल कुणी भरलं? जिचा या भांडणाशी काही संबंध नव्हता, तिनं.

कुंदा खाटेपाशी गेली आणि खाली बसली. गोदाबाईच्या गुडघ्यांना हात लावला. सुजलेले होते. "आत्या," ती म्हणाली, "तुम्ही वैजूकडं राहा. तिनं तुम्हाला गरम पाणी दिलं. मी नाही दिलं."

वैजू पुढे आली. "नाही हो ताई. पाणी तुमचंच होतं. आत्या तुमच्याकडंच राहू देत."

"नाही, तुझ्याकडं."

"नाही, तुमच्याकडं!"

गोदाबाई दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. मग म्हणाली, "इतकी वर्षं ओढत होतात मला. आता ढकलताय होय गं?"

माणसं हसली.

"मला काय ठरवता येत नव्हतं, असं वाटलं का तुम्हाला? पंचांनी विचारलं त्याच दिवशी ठरलं होतं माझं. पण तेव्हा बोलले असते, तर एक मिरवली असती आणि एक रडली असती. मला दोघींना बघायचं होतं. म्हणून खाट मधोमध टाकली." तिनं लुगड्याचा पदर सावरला. "आज मिरवणार कुणी नाही आणि रडणारही कुणी नाही. म्हणून आज सांगते."

वर दोन लाल दिवे. एक थांबलेला, एक सावकाश लुकलुकणारा.

"पोपट, खाट उचल. वैजू, तो वरवंटा घेऊन ये; पाटा तिकडंच आहे, उद्याची चटणी तुम्ही दोघींनी वाटायची आणि मी मीठ सांगणार." मग तिनं कुंदाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याचा आधार घेऊन उभी राहिली.

"मी कुंदाकडं राहणार," गोदाबाई म्हणाली. "जा, पाणी तापव."